१०२ क्रमांकाची नोंद

पॅरिसच्या नाविक पंचांगाचा १७८४ सालचा भाग प्रत्यक्षात १७८१ सालीच छापून निघाला. कारण जे पंचांग गलबतावर न्यावयाचे ते प्रवासाच्या पुष्कळ आधी खलाशांच्या हाती पडले पाहिजे, असा ते काढणाऱ्यांचा शिरस्ता होता. या भागात शार्ल मेसिए या ज्योतिर्विदाने तयार केलेली तेजोमेघांची व तारकागुच्छांची यादी जोडलेली असून तीत १०३ नोंदी आहेत. यादी वाचीत गेले की कर्त्याची शिस्त नजरेत भरते: वस्तूचा विषुवांश, तिची क्रांती, पाहिल्याची तारीख, शेजारच्या ताऱ्याचा हवाला आणि दोन-चार ओळींचे वर्णन, असा तिचा ठरलेला मामला आहे. शेवटी शेवटी मात्र ही शिस्त सुटते. १०२ क्रमांकापुढे विषुवांश नाही, क्रांती नाही आणि तारीखही नाही. भूतप तारकासमूहातील ओमिक्रॉन आणि कालेय तारकासमूहातील आयोटा या दोन ताऱ्यांच्या दरम्यान मेसिएचे सहकारी मेशँ यांस एक अतिमंद तेजोमेघ दिसला असून त्याच्याजवळ सहाव्या प्रतीचा एक तारा आहे, इतक्या आशयाचा त्रोटक मजकूर तेवढा आहे. या त्रोटक मजकुराने पुढील दोन शतकांहून अधिक काळ ज्योतिर्विदांना जी दगदग दिली, तिचा हा वृत्तान्त आहे.

ज्या वस्तूला आज बहुतेक लोक मेसिएच्या यादीतील १०२ म्हणतात, ती एन.जी.सी. ५८६६ नावाची भिंगाकार दीर्घिका होय. तिचे अस्तित्व, स्थान आणि स्वरूप यांविषयी कोणाचीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या क्रमांकावरील तिच्या हक्काविषयी. मूळ सनद गहाळ झालेल्या जमिनीचा कब्जेदार पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीवर आपली मालकी सांगतो आणि समोरचा पक्ष जुन्या दफ्तरातला एक कागद पुढे करून ती नाकारतो, तशातला हा दावा आहे. मौज अशी की, येथे विरुद्ध बाजूचा कागद खुद्द मेशँच्याच सहीचा आहे.

मेसिएचा जन्म १७३० साली लोरेन प्रांतातील बादोन्व्हिएर या गावी झाला. एकविसाव्या वर्षी तो पॅरिसला आला तेव्हा त्याच्यापाशी विद्येचे भांडवल फारसे नव्हते. अक्षर मात्र सुरेख होते, आणि त्या अक्षरावरच नौदलाचे ज्योतिर्विद देलील यांनी त्याला कारकुनीवर ठेवून घेतले. चीनच्या एका नकाशाची नक्कल करणे हे त्याचे पहिले काम. क्ल्यूनीच्या जुन्या वाड्याच्या मनोऱ्यावर देलील यांनी वेधशाळा उभारली होती. तेथे दिवसा नोंदी उतरून घेता घेता रात्री दुर्बिणीला डोळा लावण्याची सवय या कारकुनास जडली आणि ती आयुष्यभर सुटली नाही. गणितात त्याला गती नव्हती. धूमकेतू तो शोधी आणि त्यांच्या कक्षा दुसरे कोणी तरी मांडून देई. पंधराव्या लुईने त्याला धूमकेतूंचे मुंगूस म्हणावे, असा त्याचा लौकिक होता. (राजाने वापरलेला प्राणी मुंगसाचा युरोपीय भाऊबंद, पण बिळात शिरून सावज हुडकण्याचा गुण तोच.)

हॅलेच्या धूमकेतूचे पुनरागमन १७५८ च्या सुमारास अपेक्षित होते. देलील यांनी त्याचा मार्ग नकाशावर आखून दिला आणि मेसिए महिनोगणती त्या आखलेल्या वाटेवर डोळे लावून बसला. पण मार्गच चुकीचा आखला गेला असल्यामुळे धूमकेतू तेथे येणे शक्य नव्हते. सॅक्सनीतील पालिट्श नावाच्या एका शेतकऱ्याने तो १७५८ च्या नाताळात पाहिला. मेसिएला तो २१ जानेवारी १७५९ रोजी सापडला, तेव्हा देलील यांनी त्याला गप्प राहावयास सांगितले आणि ही वार्ता १ एप्रिलपर्यंत दाबून ठेवली. नकाशातील एका चुकीने माणसाचे किती नुकसान होते हे मेसिए अशा रीतीने तरुणपणीच शिकला. त्याच शोधाशोधीच्या दिवसांत, ऑगस्ट १७५८ मध्ये, वृषभाच्या शिंगापाशी त्याला एक पांढुरका डाग दिसला, जो धूमकेतूसारखा दिसे पण जागचा हलत नसे. हीच यादीतील पहिली नोंद. धूमकेतू शोधणाऱ्यांचा वेळ अशा स्थिर डागांपायी फुकट जाऊ नये म्हणून ते लिहून ठेवावे, एवढाच या उद्योगाचा हेतू होता. आज त्याचे धूमकेतू जवळपास विस्मृतीत गेले आणि टाकाऊ म्हणून टिपलेल्या वस्तूंनी त्याचे नाव राखले.

पिएर मेशँ हा मेसिएहून चौदा वर्षांनी लहान. १७४४ साली लाँ येथे जन्मलेला हा गृहस्थ ज्योतिर्विद लालांदच्या शिफारशीने व्हर्सायच्या नाविक नकाशांच्या दफ्तरात लागला आणि यथावकाश मेसिएचा सहकारीच नव्हे, तर बरोबरीचा शोधकही झाला. तो गणितातही निपुण होता. १७८१ च्या वसंत ऋतूत त्याने तेजोमेघांमागून तेजोमेघ हुडकले आणि मेसिएकडे कळविले. मेसिए ते स्वतः पाही, स्थान मोजी आणि मगच नोंद पक्की करी. पण छापखान्याची मुदत कोणासाठी थांबत नसते. १०० व्या नोंदीनंतर मेशँकडून आणखी तीन वस्तूंची खबर आली. पैकी १०१ चे स्थान मेसिएने घाईघाईने मोजले, आणि १०२ व १०३ यांचे मोजण्यास अवधी न उरल्यामुळे मेशँचा मजकूर जसाच्या तसा छापावयास दिला.

आता त्या मजकुराकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. भूतपातील ओमिक्रॉन आणि कालेयातील आयोटा यांच्यामध्ये चाळीस अंशांहून अधिक अंतर आहे. एवढ्या विस्तीर्ण पट्ट्यात सहाव्या प्रतीच्या ताऱ्याजवळचा एक मंद डाग शोधावयाचा, तर हवाला दिला काय आणि न दिला काय सारखेच. मेशँसारखा काटेकोर मनुष्य असा हवाला देणार नाही. ग्रीक लिपीत ओमिक्रॉन म्हणजे एक साधे वर्तुळ, आणि थीटा म्हणजे तेच वर्तुळ मध्ये आडवी रेघ असलेले. ही रेघ मेशँच्या बोरूने पुसट उमटली असेल किंवा अक्षरजुळाऱ्याच्या नजरेतून सुटली असेल. परंतु भूतपाचा थीटा तारा घेतला की कालेयाचा आयोटा त्याच्यापासून फार दूर राहत नाही, आणि त्या दोहोंच्या जवळजवळ मधोमध ५८६६ ही दीर्घिका उभी असलेली आढळते. लगतची १०१ या दोहोंच्या दरम्यान नाही. ती थीटाच्याही पश्चिमेस आहे. शिवाय मेसिएने तिला पुष्कळ विस्तृत म्हटले असून १०२ विषयी विस्ताराचा उल्लेखसुद्धा नाही. एका रेघेवर एवढी इमारत उभारणे धाडसाचे वाटेल, पण दुसऱ्या कोणत्याही वाचनाने ते वाक्य अर्थपूर्ण होत नाही.

छापील यादी हाती आल्यावर मेसिएने उरलेल्या वस्तू निवांतपणे पाहिल्या असत्या आणि पुढील आवृत्तीत दुरुस्ती झाली असती. पण ६ नोव्हेंबर १७८१ रोजी मोन्सो बागेत फिरत असता गुहेचे दार समजून तो बर्फाच्या तळघराच्या दारातून आत शिरला आणि खोल खाली कोसळला. हात, मांडी, मनगट आणि दोन बरगड्या मोडल्या. पुन्हा दुर्बिणीपाशी उभे राहावयास त्याला वर्षभर लागले. त्याच वर्षी हर्शेलने युरेनस हा नवा ग्रह शोधला होता आणि ज्योतिर्विदांचे सारे लक्ष तिकडे वळले होते. पुढे सुधारलेली आवृत्ती निघालीच नाही. मेसिए १८१७ पर्यंत जगला. यादी मात्र १७८१ मध्ये थांबली.

यानंतर येतो तो मेशँचा कागद. ६ मे १७८३ रोजी त्याने बर्लिनच्या बेर्नुलींना एक पत्र लिहिले, आणि त्यात इतर गोष्टींबरोबर कळविले की १०२ क्रमांकाची नोंद चुकून पडलेली आहे, ती वस्तू म्हणजे आधीची १०१ च असून ताऱ्यांच्या नकाशातील दोषामुळे हा घोटाळा झाला. पत्र बर्लिनच्या अकादमीच्या इतिवृत्तात फ्रेंचमध्ये आणि बोडेच्या १७८६ सालच्या वार्षिकात जर्मनमध्ये छापले गेले. म्हणजे ते गुप्त नव्हते, परंतु त्यात नमूद केलेली दुरुस्ती मूळ यादीच्या अंगावर कधी चढली नाही. पॅरिसची यादी वाचणारा बर्लिनचे वार्षिक चाळीत नसे, आणि एकदा क्रमांक पडला की तो रिकामा ठेवणे हे यादी करणाऱ्यांच्या जातिस्वभावात बसत नाही.

५ मे १७८८ च्या रात्री विल्यम हर्शेल इंग्लंडातील स्लाव येथे आपल्या वीस फुटी दुर्बिणीवर बसला होता. त्याची रीत अशी की, दुर्बीण एका क्रांतीच्या पट्ट्यावर वरखाली करीत राहावयाचे आणि आकाश आपसूक पुढे सरकू द्यावयाचे. दिसेल ते तो उंचावरून ओरडून सांगे आणि त्याची बहीण कॅरोलाइन खाली घड्याळ पाहून टिपून घेई. त्या रात्री त्याला कालेयात एक तेजस्वी तेजोमेघ सापडला आणि पहिल्या वर्गात, म्हणजे तेजस्वी तेजोमेघांत, तो २१५ व्या क्रमांकाने दाखल झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मेसिएच्या वस्तू आपल्या यादीत शक्यतो घ्यावयाच्या नाहीत, हा मान हर्शेल सामान्यतः पाळीत असे. पण ज्या नोंदीला स्थानच नाही ती ओळखावी कशी? म्हणून ज्या वस्तूला फ्रान्समध्ये क्रमांक होता पण ठिकाण नव्हते, तिला इंग्लंडात ठिकाणासह नवा क्रमांक मिळाला. शतकानंतर, १८८८ साली, ड्रायरने आपल्या नव्या सर्वसाधारण यादीत (एन.जी.सी.) तिला ५८६६ हा क्रमांक दिला. पुढे काही अभ्यासकांनी हे दोन धागे जुळवून १०२ म्हणजेच ५८६६ असे मानावयास सुरुवात केली, आणि इथपासून तिची वहिवाट सुरू झाली.

दरम्यान तेजोमेघ या शब्दाचा अर्थच पालटला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हबलने देवयानीतील तेजोमेघाचे अंतर मोजून तो आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडचा आहे हे दाखविले, आणि मेसिएच्या यादीतील अनेक डाग एकाएकी स्वतंत्र तारकाविश्वे ठरले. १९३६ साली त्याने आपल्या ग्रंथात या दीर्घिकांची जी मांडणी केली, तीत एका बाजूला लंबवर्तुळाकार, दुसऱ्या बाजूला दोन फाट्यांत विभागलेल्या सर्पिल, आणि त्यांच्या सांध्यावर एस-शून्य नावाचा एक वर्ग आहे. हा वर्ग तेव्हा बव्हंशी काल्पनिक होता. दोन टोकांना जोडणारे काही तरी असले पाहिजे म्हणून हबलने तेथे जागा राखून ठेवली होती. जागा राखली की दावेदार येतात. छायाचित्रांचा संग्रह वाढला तसे या जागेचे हक्कदार इतके निघाले की, १९६१ साली सँडेजने प्रसिद्ध केलेल्या चित्रसंग्रहात या वर्गाला सविस्तर वर्णन लाभले.

या भिंगाकार दीर्घिकांना सर्पिलांप्रमाणे ताऱ्यांची चपटी तबकडी असते आणि मध्ये फुगवटाही असतो. पण सर्पिल भुजा नसतात, आणि ज्यापासून नवे तारे घडावे तो वायू फार थोडा उरलेला असतो. वायू गेला कोठे, या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. स्पिट्झर आणि बाडे यांनी १९५१ साली असे सुचविले की, दाट दीर्घिकासमूहांत दोन सर्पिल परस्परांतून आरपार गेल्या म्हणजे तारे ताऱ्यांच्या वाटेने निघून जातात आणि वायू मात्र मागे राहतो. गन आणि गॉट यांनी १९७२ मध्ये दाखविले की, टकरीची आवश्यकताच नाही. समूहात भरून राहिलेल्या तप्त वायूतून वेगाने जाताना दीर्घिकेचा स्वतःचा वायू उधळून निघू शकतो. दोन्ही उपपत्ती गर्दीच्या वस्तीपुरत्या समर्पक आहेत. ५८६६ अशा वस्तीत राहत नाही. तिचा गोतावळा लहान आहे. त्यात ५९०७ ही कडेने दिसणारी सर्पिल आणि ५८७९ अशी मोजकी मंडळी आहेत. म्हणून तिच्या बाबतीत वायूचा हिशेब या दोन्ही रीतींनी जुळत नाही.

तिचे एक वैशिष्ट्य मात्र फार मनोहर आहे. ती आपणास जवळजवळ अगदी कडेने दिसते, आणि तिच्या तेजस्वी अंगाच्या मधोमध धुळीची एक अत्यंत बारीक, काळी, सरळ रेघ आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या हबल दुर्बिणीच्या छायाचित्रात या रेघेला समांतर असा निळसर ताऱ्यांचा पट्टा, मध्यभागी तांबूस झाक असलेला फुगवटा, आणि भोवती इतके विरळ तेजोवलय की त्यातून पलीकडच्या दूरस्थ दीर्घिका पार दिसतात, असे सगळे एकाच दृष्टिक्षेपात येते. तिचा व्यास सुमारे ६०,००० प्रकाशवर्षे, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या दोन-तृतीयांश. वस्तुमान मात्र आकाशगंगेच्या बरोबरीचे. अंतर साडेचार ते पाच कोटी प्रकाशवर्षांच्या घरात. पण कडेने दिसणाऱ्या तबकडीत भुजा आहेत की नाहीत हे ठरवावे कसे? भिंगाकार दीर्घिकेत धुळीचा इतका रेखीव पट्टा असणे हे काहीसे विशेषच, आणि म्हणून ही खरोखर भिंगाकार की कडेमुळे तशी भासणारी सर्पिल, अशी शंका काढणारे काढतात. तात्पर्य, तिच्या क्रमांकाप्रमाणे तिच्या वर्गालाही हरकत घेणारे आहेत. तथापि बहुमत तिला भिंगाकारच म्हणते.

१९४७ साली कॅनडातील हेलेन सॉयर हॉग यांनी अठराव्या शतकातील याद्यांचा अभ्यास करताना मेशँचे ते विस्मृत पत्र पुन्हा उजेडात आणले. त्याच पत्रातील इतर वस्तूंच्या उल्लेखांवरून त्यांनी यादीत आणखी काही क्रमांकांची भर सुचविली आणि ती मान्यही झाली. म्हणजे एकाच कागदाने यादीला नवे क्रमांक दिले आणि एक जुना क्रमांक काढूनही घेतला. पुष्कळांनी मग १०२ म्हणजे १०१ चीच पुनरुक्ती असे लिहावयास आरंभ केला. कर्त्यानेच कबूल केल्यावर वाद कसला, हा त्यांचा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो.

परंतु मेसिएने स्वतःच्या प्रतीत १०२ पुढे हाताने एक स्थान लिहून ठेवलेले आहे: विषुवांश चौदा तास चाळीस मिनिटे, क्रांती छप्पन अंश. म्हणजे प्रकृती सुधारल्यावर त्याने ही वस्तू शोधली होती, निदान तिचे ठिकाण लिहिण्याइतकी तिची दखल घेतली होती. त्या ठिकाणी नाव घेण्यासारखे काही नाही. १०१ तर नाहीच नाही. पण विषुवांशात बरोबर पाच अंश पूर्वेला सरकावे, तर ५८६६ समोर येते. मेसिएच्या नकाशांवर रेघा पाच पाच अंशांवर आखलेल्या होत्या. एक घर चुकून अलीकडचे मोजले गेले, असे मानले की सारे जुळते. यादीत अशा चुका अन्यत्रही आहेत: ४७ क्रमांकाच्या जागी तारकागुच्छ सापडत नव्हता, तो अधिक-उणे चिन्हाची उलटापालट ध्यानात आल्यावर सापडला, ९१ क्रमांक १९६९ पर्यंत हरवलेला होता, आणि टेक्सासमधील एका हौशी निरीक्षकाने दाखवून दिले की, ज्या शेजारणीपासून अंतर मोजले तिच्याऐवजी दुसरीच धरली गेली होती.

उरतो तो मेशँचा कबुलीजबाब. त्याचे वजन करावयाचे तर त्या माणसाचा पुढील आयुष्यक्रम पाहणे प्राप्त आहे, आणि माझ्या मते या दाव्यातील सर्वांत बोलका पुरावा तोच होय. मीटरची लांबी ठरविण्यासाठी डंकर्कपासून बार्सेलोनापर्यंतचे याम्योत्तर अंतर मोजण्याची जी मोहीम १७९२ मध्ये निघाली, तिचा दक्षिणेकडील भाग मेशँकडे होता. त्याने बार्सेलोनाजवळच्या मोंज्युइक किल्ल्यावरून अक्षांश मोजला. पुढे फ्रान्स आणि स्पेन यांच्यात युद्ध पेटून किल्ला बंद झाला, तेव्हा शहरातील एका खाणावळीतून पुन्हा मोजला. मधल्या काळात एका पाणी उपसणाऱ्या यंत्राच्या अपघातात तो मरता मरता वाचला होता. दोन मोजण्यांत सुमारे तीन विकलांची तफावत आली. ती त्याने कोणालाही सांगितली नाही. आपल्याच हातून काही तरी मोठे पाप घडले या समजुतीने तो दहा वर्षे पोखरला गेला, आणि अखेर ती त्रुटी भरून काढण्याच्या आशेने स्पेनमध्ये परत जाऊन १८०४ साली कास्तेयॉन येथे पीतज्वराने वारला. त्याची कागदपत्रे तपासताना सहकारी देलांब्र याला ही लपविलेली तफावत सापडली. पुढे १८२८ मध्ये निकोले याने दाखविले की, दोष मेशँच्या डोळ्यांत किंवा हातांत नव्हता. उपकरण झिजलेले होते, आणि खस्वस्तिकाच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील ताऱ्यांचे वेध समतोल घेतले की तफावत बव्हंशी नाहीशी होते.

असा हा मनुष्य. मोजणी बरोबर असताही स्वतःस अपराधी समजण्याची त्याची प्रकृती होती. १७८३ मध्ये, वेध घेतल्यानंतर दोन वर्षांनी, छापील यादीत ओमिक्रॉन हे अक्षर आणि स्थानाचे रिकामे रकाने पाहून त्याने जर स्वतःशीच ताडून पाहिले असेल, तर सांगितल्या जागी काही न दिसल्यामुळे चूक आपलीच असावी, आपण १०१ लाच दोनदा कळविले असावे, असा निष्कर्ष त्याने काढणे अगदी स्वाभाविक होते. हा तर्क आहे, पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु कबुलीजबाब हा नेहमीच अंतिम पुरावा नसतो हे कोणताही न्यायाधीश सांगेल. त्याला स्थळ, वर्णन आणि दुसऱ्या साक्षीदाराचे टिपण यांचा आधार लागतो, आणि येथे तिन्ही आधार मेशँच्या विरुद्ध, म्हणजेच त्याच्या डोळ्यांच्या बाजूने, उभे आहेत.

मेशँ याच भागाकडे का वळला असावा, हेही नकाशावरून सहज समजते. १७८१ च्या मार्च-एप्रिलात मध्यरात्रीनंतर हा भाग पॅरिसमध्ये जवळजवळ डोक्यावर येई, जेथे हवेचा पडदा सर्वांत पातळ असतो. महाराष्ट्राच्या अक्षांशावरून ही दीर्घिका उत्तरेस क्षितिजापासून सुमारे ५३ अंशांपर्यंत चढते. सप्तर्षींच्या शेपटीच्या पलीकडे कालेयाचा वळसा शोधून आयोटा तारा धरावा आणि तेथून चार अंश नैर्ऋत्येस जावे. नुसत्या डोळ्यांना ती दिसणार नाही, कारण तिची प्रत दहाच्या आसपास आहे. वैशाखातील मध्यरात्र हा तिचा समय; ज्येष्ठात ती आणखी सोयीच्या वेळी सर्वांत उंचावर येते, पण तोवर मृगाचे ढग आडवे येतात. मार्चअखेरीस एकाच रात्रीत मेसिएची सारी यादी पाहून काढण्याचा जो उपक्रम हौशी निरीक्षक करतात, त्यांच्या तक्त्यांत १०२ च्या रकान्यात बहुधा ५८६६ छापलेले असते आणि बेरीज ११० येते. मेशँच्या पत्राला प्रमाण मानणारे तेथे फुली मारतात आणि १०९ वर हिशेब पुरा करतात.